दगडाचे थर कसे कलतात आणि कसे वळतात: नागपुरातून एका दिवसात पाहायची आणि मोजायची रीत

दिवाळी झाली, हवा थोडी गार झाली की जिऑलॉजीवाली पोरं एकच गोष्ट विचारून राहतात, दादा, फोल्ड कुठं दिसतील? डोक्यात पुस्तकातला फोटो असतो, कमानीसारखा वळलेला दगड आणि बाजूला टेकवलेला हातोडा. तसा फोटो मिळतो, नाही असं नाही, पण खरी मोठी घडी, म्हणजेच फोल्ड, उभ्या माणसाला दिसतच नाही. ती किलोमीटरभर पसरलेली असते, माथा कधीचाच झिजून गेलेला असतो, आणि जमिनीवर उरतात फक्त कललेल्या दगडाचे तुकडे, एक इथं, दुसरा दोनशे पावलांवर, मधात कुणाचं तरी तुरीचं शेत नाहीतर पळसाचं रान. म्हणून माझं सांगणं एवढंच की घडी शोधत फिरू नका, कल मोजत फिरा. पुष्कळ जागी मोजा, नकाशावर टाका, घडी आपोआप वर येते.

आणि या कामासाठी नागपूरसारखी जागा नाही, हे मी गावाचा अभिमान म्हणून नाही सांगत. शहराच्या पश्चिमेला सेमिनरी हिल्स, फुटाळा, इकडे सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि जवळपास आडवा. कामठीकडे निघालं की गोंडवाना काळातला वाळूचा दगड, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा, थोडासा कललेला. आणि तिथून मनसर-रामटेक-देवलापार पट्ट्यात गेलं की सौसर ग्रुप नावाचे फार जुने दगड, जे साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी असे काही चेपले गेले की त्यांच्या घड्यांच्याही घड्या झाल्या. आडवा, कललेला, वळलेला, तिन्ही एकाच दिशेच्या रस्त्यावर. सकाळी सहाला निघालं तर संध्याकाळी घरी.

आधी थोडी थिअरी, कंटाळा करू नका, फार नाही. निकोलस स्टेनो नावाच्या माणसानं १६६९ मध्ये लिहून ठेवलं की पाण्यात गाळ बसतो तेव्हा थर आडवाच बसतो. म्हणजे आज थर तिरपा दिसला तर काहीतरी नंतर घडलं. किती नंतर, तेही कधीकधी दगडातच दिसतं. स्कॉटलंडमध्ये सिकार पॉइंटला जेम्स हटननं १७८८ मध्ये हेच पाहिलं, खाली जवळपास उभे थर, त्यांची डोकी झिजून सपाट झालेली आणि वर थोडेसेच कललेले लाल वाळूच्या दगडाचे थर. म्हणजे आधी गाळ बसला, मग कलला, मग झिजला, मग वर पुन्हा गाळ बसला. आपल्याकडेही वळलेल्या जुन्या दगडांवर गोंडवानाचे थर असेच बसलेत, हिशेब तोच.

थर कलतो कशानं? दोन मोठी कारणं धरून चाला. एक म्हणजे जमीन ताणली जाते, फॉल्ट पडतात, म्हणजे दगड तुटून एक बाजू सरकते, आणि फॉल्टच्या बाजूचा ठोकळा खाली बसताना थोडा फिरतो, वरचे थर त्याच्यासोबत तिरपे होतात. गोंडवानाचा कोळसा ज्या खोलगट पट्ट्यांत साठला ते असेच ताणून खचलेले पट्टे आहेत, म्हणून कामठीकडचा कल बहुतेक या प्रकारातला. दुसरं म्हणजे तो तिरपा थर एखाद्या मोठ्या घडीची एक बाजू असतो, जिला सगळे इंग्रजीतलं लिंब (limb) च म्हणतात. एका जागेवर उभं राहून हे दोन्ही सारखेच दिसतात, फरक कळतो तो दूरवर मोजल्यावर. मैलोनमैल कल एकाच दिशेनं आणि मग एकदम फॉल्टवर तुटला तर ठोकळा, आणि कल हळूहळू बदलत उलट्या दिशेला गेला तर घडी.

घडी पडायला मात्र दोन्हीकडून चेपणं लागतं, आणि दगड नुसता चेपून वळत नाही. भाजलेला पापड वाकवला की तुटतो, ओला वाकवला की वाकतो, दगडाचं तसंच आहे. वर, थंड, कमी दाबाखाली तो तडकतो. दहावीस किलोमीटर खाली, पाचसहाशे अंशांच्या उष्णतेत, वरून दाब, आणि मुख्य म्हणजे वेळ लाखो वर्षांचा, तिथं तोच दगड न तुटता वळतो. सौसरचे दगड असेच खोल जाऊन आलेत, त्यातला चिखलाचा थर अभ्रकाचा शिस्ट, म्हणजे पापुद्रे सुटणारा दगड झाला, वाळूचा कडक क्वार्ट्झाइट झाला, चुन्याचा संगमरवर झाला, आणि मँगनीज मिसळलेल्या गाळाचा गोंडाइट, ज्याला फर्मर या भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून नाव दिलं.

घरी करून पाहायचं असेल तर जेम्स हॉलची रीत सगळ्यात भारी. हा हटनचाच दोस्त. त्यानं टेबलावर कापडांचे थर रचले, त्यावर घरातलं निखळलेलं एक दार आडवं टाकलं, दारावर वजन ठेवलं आणि दोन्ही टोकांना फळ्या लावून आत ढकललं. कापडांत घड्या पडल्या, अगदी समुद्रकाठच्या कड्यात दिसतात तशा. हे त्यानं १८१५ च्या सुमारास छापलं. तुम्हाला दार काढायची गरज नाही. गुळगुळीत फरशीवर दोनतीन जुन्या चादरी आणि मधात एक जाड टॉवेल रचा, वर पाट ठेवा, पाटावर गव्हाचा डबा, आणि दोन्ही बाजूंनी जाड पुस्तकं लावून दोघांनी सावकाश ढकला. मग वजन काढून पुन्हा ढकला. वजन नसलं की एकच मोठा फुगा वर येतो, वजन असलं की घड्या लहान आणि जास्त. नंतर नुसती चादर आणि नुसती गोधडी वेगवेगळी ढकलून पाहा, गोधडीला मोठ्या आणि मोजक्याच घड्या पडतात, चादरीला बारीक आणि पुष्कळ. दगडातही हाच नियम चालतो, जाड कडक थर मोठ्या घड्या घालतो, पातळ थर बारीक, आणि फिल्डवर एकाच दगडात दोन्ही दिसले की गोंधळून जायचं नाही. शेवटी एकाच बाजूनं ढकला, घड्या सरळ न राहता एकीकडे झुकायला लागतील, ते लक्षात ठेवा, देवलापारला लागेल.

आणखी एक छोटं काम. दोनशे पानी वही घ्या, बंद वहीच्या पानांच्या कडेवर पेनानं पानांना काटकोनात चारपाच सरळ रेघा मारा, मग वही कमान करून वाकवा. रेघा पायऱ्या पायऱ्या होतात, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. थरही घडी पडताना असेच सरकतात, म्हणून कधीकधी थराच्या पृष्ठभागावर घासल्याच्या रेघा सापडतात. मधोमध, जिथं वळण सगळ्यात जास्त आहे, तिथं सरकणं जवळपास शून्य, त्या जागेला हिंज म्हणायचं.

आता मोजायचं कसं

डिप म्हणजे थराचा कल, आणि स्ट्राइक म्हणजे त्या कलाला काटकोनातली आडवी रेघ. पुस्तकात नती आणि नतिलंब लिहिलं असतं, फिल्डवर कुणी म्हणत नाही. थराचा खरा पृष्ठभाग शोधा, वहीएवढा सपाट तुकडा पुरे. त्यावर बाटलीतलं थोडं पाणी सोडा, धार ज्या दिशेला वाहत जाते ती डिपची दिशा. धारेला काटकोनात आडवी रेघ, ती स्ट्राइक. स्ट्राइकच्या रेघेला कंपास लावून दिशा घ्या, मग धारेच्या रेघेवर क्लायनोमीटर, म्हणजे कल मोजायचं साधन, ठेवून आडव्या पातळीपासून किती अंश खाली जाते ते घ्या. ब्रंटन, म्हणजे कंपास आणि क्लायनोमीटर एकत्र असलेलं यंत्र, असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलमधलं क्लायनोमीटरचं ॲप चालतं, फक्त दगड खडबडीत असतो म्हणून आधी वही ठेवा आणि वहीवर मोबाइल. मोबाइलच्या कव्हरला मॅग्नेट असेल तर कव्हर काढा, नाहीतर उत्तर दिशा उमरेडकडे दाखवेल.

लिहायचं ०७५/४० असं, त्याच्यापुढे द.पू. म्हणजे स्ट्राइक ७५ अंशांवर, कल ४० अंश, दक्षिण-पूर्वेकडे. स्ट्राइकच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डिप नेहमी उजव्या हाताला यायला पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर घरी आल्यावर अर्धे रीडिंग उलटे आहेत का याच्यातच रात्र जाते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नागपूरकडे एका अंशाच्याही आत आहे, तो विसरून जा. पण मँगनीजच्या पट्ट्यात कंपासवर आंधळा विश्वास ठेवू नका. जिल्ह्यातल्या बेलडोंगरीचं व्रेडेनबर्गाइट नावाचं मँगनीजचं खनिज चांगलं चुंबकीय आहे, आणि बेसाल्टही थोडाफार सुई हलवतोच. कंपास दगडावर टेकवून आणि कंबरेइतक्या उंचीवर धरून, असं दोनदा वाचा, फरक आला तर स्ट्राइक दूरच्या झाडाकडे नजर लावून घ्या.

रस्त्याच्या कटिंगमध्ये दिसणारा तिरपेपणा म्हणजे डिप नव्हे, इथं बरेच जण फसतात. कटिंग स्ट्राइकला काटकोनात असेल तरच खरा डिप दिसतो. समजा खरा डिप ३० अंश आहे आणि कटिंग स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करते, तर भिंतीवर कल दिसेल फक्त १६ अंश. आणि कटिंग स्ट्राइकच्या बरोबर चालली असेल तर थर चक्क आडवे दिसतील, माणूस म्हणेल इथं काहीच झालं नाही. सौसरच्या पट्ट्यात स्ट्राइक मोठ्या प्रमाणात पूर्व-पश्चिम किंवा पूर्व-ईशान्येकडे आहे, म्हणजे मनसरहून वर देवलापारकडे जाणारा एनएच ४४ थरांना आडवा कापत जातो आणि मनसरहून रामटेककडे वळलं की तुम्ही साधारण थरांच्या सोबत चालता. सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढायचं तर हायवेच्या दिशेनं, एकच थर धरून त्याचा पाठलाग करायचा तर रामटेकच्या दिशेनं.

निघायच्या आधी जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या, भूकोश पोर्टलवरून जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा पाहून घ्या, फुकट आहे. टोपोशीट, म्हणजे सर्व्हेच्या नकाशाचा नंबर, ५५ ओ. नकाशा आधी पाहणं म्हणजे कॉपी करणं असं काही सर मानतात, मला नाही पटत, नकाशा पाहूनही दगड ओळखता येत नाही तिथं कॉपी कुठली.

सेमिनरी हिल्स, म्हणजे आडवं कसं दिसतं

हा भाग लवकर आटपा. इथं येण्याचं कारण एकच, की डोळ्याला आडव्याची सवय लागावी आणि एक मोठा धोका ओळखता यावा. बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे गोल गोल पापुद्रे सुटतात, कटिंगमध्ये ते अगदी वळलेल्या थरांसारखे दिसतात, आणि दरवर्षी कुणीतरी त्याचा फोटो काढून खाली फोल्ड लिहितंच. ओळखायचं सोपं आहे. त्या गोलाच्या मधात कडक गोटा असतो आणि पापुद्रे त्याच्याभोवती बंद होतात, शेजारच्या गोट्याशी त्यांचा काही संबंध नसतो. खऱ्या घडीत थर या दगडातून त्या दगडात पुढे चालू राहतो.

कामठी, म्हणजे थोडंसं कललेलं

कन्हानच्या या पट्ट्याचं भूशास्त्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्टीफन हिस्लॉपनं, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे. मिशनरी माणूस, पण सिल्लेवाड्याच्या वाळूच्या दगडातून ग्लॉसोप्टेरिस वगैरे जुन्या झाडांची दगड झालेली पानं त्यानंच गोळा केली. आपलं काम पानांचं नाही, कलाचं. इथला डिप कमी, डोळ्यानं पटकन कळत नाही, म्हणून पाण्याची धार इथं खरी उपयोगी पडते.

पण इथला दगड नदीनं आणलेल्या वाळूचा आहे आणि त्यात क्रॉस-बेडिंग भरपूर. म्हणजे एका आडव्या थराच्या पोटात तिरप्या तिरप्या बारीक रेघा, वाहत्या पाण्यानं वाळूचा ढिगारा पुढे सरकवताना पडलेल्या. त्या वाळू बसली तेव्हापासूनच तिरप्या आहेत, त्यांना मोजलं तर वीस-पंचवीस अंश येतील आणि तुम्ही आनंदानं लिहाल की कामठीचा दगड जबरदस्त कलला. मोजायचा तो त्या रेघांना वरून आणि खालून बंद करणारा मोठा थर. मात्र त्या रेघांना कमी लेखू नका. त्या वरच्या बाजूला कापलेल्या असतात आणि खालच्या बाजूला हळूच वळून थराला टेकतात, म्हणजे थराचं वर कोणतं आणि खाली कोणतं ते सांगतात. पालथा पडलेला थर ओळखायला यासारखा साक्षीदार नाही.

आणखी दोन गोष्टी. सुटा पडलेला धोंडा मोजू नका, आजूबाजूला तीन जागी तसंच रीडिंग आलं तरच दगड जागचा समजा. आणि उतारावरच्या वरच्या मीटरभर दगडावर भरवसा नको, माती उताराकडे सरकताना थरांची डोकी वाकवून नेते आणि खोटा डिप तयार होतो. नाल्याच्या तळातलं रीडिंग नेहमी भारी.

मनसर-रामटेक, इथं दिवस घालवा

रामटेकच्या गडाचा डोंगर क्वार्ट्झाइटचा आहे. क्वार्ट्झाइट झिजायला कठीण म्हणून डोंगर उभा राहिला, बाजूचा अभ्रकाचा शिस्ट झिजून सपाट झाला. नकाशावर पाहा, डोंगर अंबाळा तलावाला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालतो. असा आकार दिसला की मनात घडी यायलाच पाहिजे, पण आकारावरून निकाल द्यायचा नाही. नालेच्या दोन्ही हातांवर आणि वळणावर, जमतील तितक्या जागी डिप घ्या. दोन्ही हातांवर डिप आतल्या बाजूला, एकमेकांकडे, तर सिंक्लाइन, ज्याला शाळेत अभिनती म्हणत. बाहेरच्या बाजूला, एकमेकांपासून दूर, तर अँटिक्लाइन, अपनती. वळणावरचा डिप घडीचा अक्ष कोणीकडे खाली जातो ते सांगतो, त्याला प्लंज म्हणायचं. अँटिक्लाइन असेल तर नकाशावर नाकाचं टोक प्लंजच्या दिशेला असतं, सिंक्लाइन असेल तर नाल प्लंजच्या दिशेला उघडी राहते. गड देवस्थान आहे आणि संरक्षित जागाही, हातोडा बॅगेतच राहू द्या, मोजायला हातोडा लागत नाही.

घडी किती घट्ट, ते दोन लिंबांमधल्या कोनावरून ठरतं. १२० अंशांच्या वर असेल तर अगदी सैल, ७० ते १२० म्हणजे उघडी, ३० ते ७० बंद होत आलेली, ३० च्या खाली घट्ट, आणि दोन्ही लिंब समांतर झाले तर आयसोक्लायनल. ही शेवटची आपल्या भागात पुष्कळ आणि सगळ्यात जास्त फसवणारी. तिच्यात दोन्ही लिंब एकाच दिशेला एकाच कोनात कलतात, मोजून मोजून थकलात तरी डिप बदलत नाही, आणि माणसाला वाटतं की ही एकच जाड थरांची रांग आहे. सपाट जमिनीवर थराची जाडी म्हणजे त्याच्या पट्ट्याची रुंदी गुणिले डिपचा साइन, १०० मीटर रुंदी आणि ३० अंश डिप तर जाडी ५० मीटर. पण तो पट्टा मुळात एकच थर घडीत दुमडून दोनदा आलेला असेल तर खरी जाडी निघते २५. मँगनीजच्या खाणवाल्यांसाठी हा पैशाचा प्रश्न आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, तिकडे भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग, या पट्ट्यात मँगनीजचा थर जमिनीवर पुन्हा पुन्हा डोकं काढतो, तो वेगवेगळा थर आहे की तोच वळून परत आला, यावर खाली किती माल आहे त्याचा हिशेब ठरतो. घडीच्या हिंजमध्ये मऊ थर आजूबाजूनं येऊन जमा होतो आणि फुगतो, लिंबावर ताणून पातळ होतो, म्हणून हिंज सापडला की खाणवाला खूष.

मग आयसोक्लायनल घडी पकडायची कशी, तर बारीक घड्यांकडे पाहून. मोठ्या घडीच्या अंगाखांद्यावर हाताएवढ्या लहान घड्या असतात. मोठीच्या एका लिंबावर त्या इंग्रजी एस अक्षरासारख्या दिसतात, दुसऱ्यावर झेडसारख्या, आणि हिंजजवळ एमसारख्या सरळ उभ्या. पाहताना नेहमी एकाच दिशेला तोंड ठेवा, प्लंज जिकडे खाली जातो तिकडे, नाहीतर एसचा झेड होतो. हायवेच्या दिशेनं चालत गेलात आणि एस, एस, एम, झेड, झेड असं मिळालं, तर मधे मोठा हिंज ओलांडला, मग डिप बदललेला असो की नसो. लहान घडीचा प्लंज मोजला की मोठीचा प्लंजही बहुतेक तोच निघतो. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत आटपते, मला तर अख्ख्या स्ट्रक्चरल जिऑलॉजीत सगळ्यात कामाची वाटते.

थर पालथा आहे का, हे इथं कठीण आहे, कारण क्रॉस-बेडिंगसारख्या खुणा उष्णतेत बहुतेक पुसल्या गेल्यात. थर आणि शिस्टचे पापुद्रे यांच्या कोनावरून सांगतात की पापुद्रा थरापेक्षा जास्त उभा असेल तर थर सरळ, कमी उभा असेल तर पालथा. एकदाच वळलेल्या दगडात हे बरोबर. सौसरमध्ये घड्या एकापेक्षा जास्त वेळा पडल्यात, तिथं एका जागेवरून असा निकाल देऊ नका. वर-खाली माहीत नसेल तर अँटिक्लाइन न लिहिता अँटिफॉर्म लिहा, म्हणजे आकार कमानीचा आहे एवढंच, वय आम्ही नाही सांगत.

देवलापारकडे वेळ मिळाला तरच. एकाच बाजूनं ढकललेल्या चादरीची घडी झुकून झुकून पार आडवी झाली आणि तुटून पुढे सरकली तर जे होईल त्याला नॅप म्हणतात, आल्प्समध्ये प्रसिद्ध. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात म्हटलं की देवलापारच्या भागात असाच नॅप आहे, दुसरीकडचे थर सरकून इथल्यांवर येऊन बसलेत. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण तुम्ही आधी रामटेकचे रीडिंग नीट घ्या, नॅपच्या वादात पडायला आयुष्य आहे.

घरी आल्यावर त्याच रात्री

सगळे रीडिंग नकाशावर टाका, प्रत्येक जागी स्ट्राइकची लांब रेघ, डिपकडे छोटी काडी, बाजूला अंश. मग स्ट्राइकला काटकोनात एक सरळ रेघ ओढा, ती तुमची सेक्शनची रेघ. ग्राफपेपरवर जमिनीचा उंचसखलपणा काढा, आडवं आणि उभं माप एकच ठेवा, उभं माप वाढवलं की डिप खोटे होतात. जिथं जिथं थराची सीमा आली तिथं कोनमापकानं डिपची रेघ खाली काढा. सेक्शनची रेघ स्ट्राइकला तिरपी असेल तर खरा डिप टाकू नका, स्ट्राइक आणि सेक्शन यांच्यातल्या कोनाचा साइन गुणिले खऱ्या डिपचा टॅन, हा जो येईल तो दिसणाऱ्या डिपचा टॅन. मग रेघा हलक्या हातानं जोडत जा, जमिनीखालीही आणि जमिनीच्या वर हवेतही, कारण घडीचा गेलेला माथा हवेतच आहे. हवेतला भाग तुटक रेघेनं. कडक क्वार्ट्झाइटची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, शिस्टची हिंजमध्ये वाढली तरी चालेल. जोडताना एखादं रीडिंग बसत नसेल तर ते खोडू नका, तिथं प्रश्नचिन्ह टाका आणि पुढच्या खेपेला पहिले तिथंच जा.

बाकी व्यवहाराचं. खाणीत परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही, चांगलं दिसणारं सगळं खाणीतच आहे हे खरं असलं तरी, मॉइल या मँगनीजच्या सरकारी कंपनीचं ऑफिस नागपुरातच काटोल रोडला आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर अर्ज करा. देवलापारच्या पुढचे नाले पेंचच्या जंगलाला लागून आहेत, तिथं वाघ आहेत, नाल्यात डोकं खाली घालून डिप मोजत बसायची ती जागा नाही. जायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. पावसानंतर लगेच गेलात तर गवतात दगडच दिसत नाही, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत क्वार्ट्झाइटला हात लावून पाहा, ब्रंटन टेकवायचीही इच्छा राहणार नाही.